नऊ ठिकाणी गाळलेलं नाव

गोष्ट चांगली वाचलीय का न्हाय, हे मला कानानं कळत न्हाय, पायानं कळतं.

सांगते कसं. माझं इंदापुरात बाजारपेठेच्या मागं शिलाईचं दुकान हाय, शबीना लेडीज टेलर. मशीन जुनं, पायाचं. पोरगा अफजल दर ईदला म्हणतो, अम्मी, मोटर बसवू. मी म्हणते, माझ्या पायाच्या वाटंला जाऊ नकोस. कानात वायर, फोनवर भुताची गोष्ट, हातात ब्लाऊज आन पाय चालू, असा माझा दिवस जातो. वाचणाऱ्यानं वाईट वाचलं की पाय चालतच राहतो, दुपारपर्यंत तीन ब्लाऊज हातावेगळे होतात. चांगलं वाचलं की पाय आपोआप थांबतो. सुई कापडात अर्धी घुसलेली, आन मी समोरच्या भिंतीकडं बघत बसलेली. गिऱ्हाईक दारातनं हाका मारतंय, शबीना, अगं ए शबीना! कुठली शबीना? मी तिकडं विहिरीच्या काठावर.

लोक इचारतात, तुला भुताच्याच गोष्टी का लागतात गं? मग काय सासू-सुनांच्या ऐकू? त्या गिऱ्हाईकं फुकट सांगतात, वर मापं घेताना सांगतात, म्हणजे पळून बी जाता येत न्हाय. भ्याच्या गोष्टीचं एक बरं असतं, ती संपते. काय तरी निकाल लागतो. घरातल्या भ्याला असा शेवटचा भाग नसतो, म्हणून मी हे दुसरं भ्या ऐकते.

पण वाचणारे! तौबा. एक गडी हाय, तो 'दार' हा शब्द असा म्हणतो की जसं काय दारानंच कुणाचा तरी गळा दाबलाय. अरं बाबा, साधं दार हाय ते, आधी उघडू तर दे. एक बाई हाय, दर दोन वाक्यांना उसासा टाकते. मला आधी वाटलं हिला दमा हाय, दवा पाठवावी. आन ते मागचं संगीत! भूत यायच्या आधी ढँग ढँग ढँग. भूत काय वरातीतनं येतंय? मला सगळं आधीच सांगून टाकलंस, तर मी भ्यायचं कशाला?

अशीच एक गोष्ट फोनवर मोठ्यानं चालू होती, तवा वरकुट्याच्या विजयमाला वहिनी ब्लाऊज न्यायला आल्या. आधी ह्या वहिनी कोण ते सांगते, कारण ही सगळी हकिगत त्यांचीच हाय.

विजयमाला वहिनी म्हणजे वरकुट्याच्या अंगणवाडीच्या बाई. सव्वीस वर्सं गावातली लेकरं सांभाळली. अंगानं किरकोळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. त्यांचे मालक सावळाराम तात्या माळेगावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आठवड्याला घरी यायचे, आता रिटायर होऊन गावातच असतात. पोरगा इंद्रजित पुण्याला नोकरीला. बाई कधी मोठ्यानं बोलत न्हाय. पण ती बोलायला लागली की समोरचा आपोआप पुढं वाकतो, हे मी फार उशिरा बघितलं.

तर त्या स्टुलावर बसल्या, पाच मिनटं ऐकलं आन म्हणल्या, "ही बाई वरडती कशाला गं?"

"भुताची गोष्ट हाय वहिनी."

"असू दे की. आपण वरडलो की लेकरू बी वरडतं, आन मग कुणालाच काय वाटत न्हाय. आपण बारीक बोललो की लेकरू जवळ सरकतं. जवळ सरकल्याबगर भ्या वाटंल कसं?"

मी म्हणलं, आली मोठी शाणी. टेबलावर रद्दी पडली होती, तिच्यातला कागद पुढं केला. म्हणलं, ह्याच्यात भूत न्हाय. वाचा बघू, मला भ्या वाटंल असं.

वहिनींनी चष्मा लावला. बातमी होती धरणातनं नदीला पाणी सोडायची. "पाणी कोणत्याही क्षणी वाढू शकते," वहिनींनी वाचलं. मग जरा थांबल्या. मग अगदी साध्या आवाजात, शेजारणीला निरोप द्यावा तसं, "नदीपात्रात कोणी उतरू नये. जनावरे उतरवू नयेत." एवढंच. आन माझा पाय थांबला हो! नदी माझ्या दुकानापासनं केवढी लांब. तरी मी उंबऱ्याकडं बघितलं.

मी काय ऐकते व्हय मग. दुसऱ्या खेपंला त्यांना बळंच बसवून फोनवर आवाज भरला आन पुण्याच्या एका कंपनीला पाठवून दिला. ती गोष्टी वाचणारी माणसं शोधत होती. वहिनी म्हणल्या, माझं हसू करशील. पंधरा दिवसांनी कंपनीतल्या सोनम मॅडमचा फोन आला, काकू, तुम्ही आधी कुठं काम केलंय? वहिनी म्हणल्या, अंगणवाडीत.

अशी तीन वर्सं झाली. बारक्या-बारक्या गोष्टी वहिनींनी वाचल्या. रेकॉर्डिंगला जागा कुठली, तर त्यांची धान्याची खोली. गव्हाची पोती तिन्ही बाजूनं, आन भिंतींना माझ्या हातच्या गोधड्या टांगलेल्या, म्हणजे आवाज घुमत न्हाय. वहिनी आत गेल्या की तात्या बाहेर राखण बसायचे. कोंबड्या हाकलायच्या, शेजारची वैरण कापायची कडबाकुट्टी बंद करायला लावायची, आन रस्त्यानं गाणी लावून ट्रॅक्टर आला की आडवं जाऊन हात जोडायचे. आयुष्य बॉयलरपाशी गेलेला माणूस, पण भुताला असा भितो की बायकोची एक गोष्ट कधी ऐकली न्हाय. "तू वाच, मी हितं बाहीर बरा हाय," म्हणायचा.

आन वाचलेलं कंपनीला जायच्या आधी माझ्याकडं यायचं. माझा पाय थांबला तर पास. चालू राहिला तर वहिनी परत वाचायच्या. एकदा चार वेळा वाचायला लावलं, चार वेळा वाचलं, एका शब्दानं कुरकुर न्हाय.

यंदा त्यांना पहिल्यांदाच अख्खी कादंबरी मिळाली. गुऱ्हाळावरची गोष्ट. गूळ करणारा एक जुना माणूस असतो, तो हंगामात मरतो. मग त्या गुऱ्हाळाचा एक नेम पडतो, की कायलीपाशी, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपाशी, उभं राहून त्याचं नाव घ्यायचं न्हाय. नाव घेऊन हाक मारली की तो येतो आन रस ढवळायला लागतो. सातव्या प्रकरणात मालकाची बायको त्याला हाक मारते. नऊ वेळा.

त्या माणसाचं नाव सावळाराम.

झालं! सातवं प्रकरण माझ्याकडं आलं. मी ऐकायला लागले. "तिनं कायलीच्या वाफंकडं तोंड केलं आन हाक मारली." मग काहीच न्हाय. नुसता एक श्वास. मग, "रस हलला." माझा पाय जो थांबला! पुढं परत तसंच. नावाच्या जागी गप्प. नऊ ठिकाणी नाव गाळलेलं, आन नऊच्या नऊ वेळा मी थांबले. शेवटाला तर बाही उलटी लावून बसले होते, उसवावी लागली.

मी तर म्हणलं, वा! पण सोनम मॅडमचा फोन आला, मी तितंच होते. "काकू, फार सुंदर झालंय. पण नाव कुठाय?"

"तेवढं घेता यायचं न्हाय बाई."

"का?"

"आमच्या ह्यांचं हाय."

सोनम मॅडम हसल्या, पण चांगलं हसल्या, टर उडवली न्हाय. म्हणल्या, लेखकानं लिहिलेला शब्द आपल्याला गाळता येत नाही, आणि एका पुस्तकात आवाज एकच लागतो. नावासकट प्रकरण झालं नाही तर अख्खं पुस्तक दुसऱ्या कुणाकडं द्यावं लागेल. वहिनींचं तोंड एवढंसं झालं.

आन मग मी माझं तोंड घातलं मधी. मला काय गरज होती? पण न्हाय! "वहिनी, कुठला जमाना चाललाय? घ्या की नाव. पोतीच ऐकणार हायत." बोलणारी कोण, तर मी. आमच्या ह्यांना मी सव्वीस वर्सं 'अफजलचे अब्बा' म्हणते, रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली तवा कार्डच पुढं केलं, आन निघाले दुसरीला शाणपण शिकवायला.

वहिनी म्हणल्या, "नुसतं नाव असतं तर घेतलं असतं गं. लग्नात घेतलंय, हळदी-कुंकवाला घेतलंय. पण हितं नावाला 'मेला' जोडून हाय. माझ्या तोंडानं कसं म्हणू?"

"आवो, गोष्टीतला मेला!"

"नाव तर तेच हाय न्हवं."

पितरांचा पंधरवडा चालू होता, त्यात तर त्या मुळीच वाचणार नव्हत्या. घट बसले, नवरात्र लागलं, आन सोमवारी वहिनींनी मन घट्ट करून वाचलं. माझ्याकडं आलं. काय सांगू, वाईट झालं होतं. सगळं वाक्य नीट, आन नाव आलं की नुसती पळापळ, तापल्या तव्याला बोट लागल्यावर काढावं तसं. आवाज कापत होता. भ्या वाचणारीला वाटत होतं, ऐकणारीला न्हाय, आन मग कसली गोष्ट? माझा पाय एकदा बी थांबला न्हाय.

तरी मी फोन करून सांगितलं, पास. खोटं बोलले. नवरात्राचे ब्लाऊज साठले होते, आन वहिनींचं पुस्तक जाऊ नये असं बी वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा पायाचं ऐकलं न्हाय.

गुरुवारी सकाळी दहाला वहिनींचा फोन. आवाज असा की मी ओळखलाच न्हाय.

"शबीना, मी नाव घेतलं गं."

"काय झालं?"

"ह्यांच्या हातात कप ठरंना. बोलायला गेले तर भलतंच बोलले. मग अंगणात पडले. बारामतीला नेतोय."

या अल्ला! दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं का न्हाय ते बी आठवत न्हाय, आन बारामतीची एसटी धरली. सवयीनं कानात वायर घातली, पण गोष्ट लावली न्हाय. सगळ्या रस्त्यानं एकच डोक्यात: मी सांगितलं नाव घ्या. मीच. तात्यांना काय झालं तर ही बाई मला काय बोलणार न्हाय, हे मला ठाऊक होतं, आन त्याचंच जास्त भ्या वाटत होतं.

दवाखान्यात वहिनी बाकावर बसल्या होत्या, हातात तात्यांच्या चपला. इंद्रजित पुण्यासनं निघाला होता, अजून पोचायचा होता. मी शेजारी बसले. त्या माझ्याकडं न बघता म्हणल्या, "सोमवारी नाव घेतलं, गुरुवारी झालं." मी चपला घ्यायला हात पुढं केला, त्यांनी सोडल्या न्हाईत.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, पण शांत. म्हणल्या, डोक्यात, कवटीच्या आत रक्त साचलंय, त्यानं मेंदूवर दाब आलाय, लगेच ऑपरेशन करावं लागेल. मग इचारलं, "मधी कुठं डोक्याला मार लागला होता का?"

"न्हाय ओ," वहिनी म्हणल्या.

मला एकदम आठवलं. "वहिनी, कडबाकुट्टीच्या शेडचा अँगल! अनंत चतुर्दशीला!" गणपती बोळवायच्या गडबडीत तात्या वैरण आणायला वाकले आन उठताना डोकं आपटलं होतं. वहिनींनीच मला हसत-हसत सांगितलेलं, की त्या हळद लावायला गेल्या तर तात्या म्हणले, अँगलला लाव, तो वाकडा झालाय.

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बरोबर. स्कॅनमध्ये दिसतंय ते रक्त ताजं नाही. तीन आठवडे तरी झालेत. या वयात असं हळूहळू साचत जातं, कळत नाही."

वहिनी उभ्या राहिल्या. "म्हणजे सोमवारच्या आधीचं?"

"सोमवारी काय झालं होतं?"

"काय न्हाय. सोमवारच्या आधीचं का, तेवढं सांगा मला."

"मावशी, कितीतरी आधीचं."

वहिनी मटकन खालीच बसल्या, फरशीवर. चपला अजून हातात. डॉक्टरीणबाईंना वाटलं चक्कर आली, त्या पाणी मागवायला लागल्या. चक्कर कसली? नवऱ्याच्या डोक्याला भोक पाडणार म्हणून सांगतायत, आन ही बाई रडत-रडत म्हणतीय, बरं झालं, बरं झालं. मला मात्र कळलं. माझ्या बी छातीवरचा धोंडा तितंच उतरला, अर्धा तरी.

दुपारी बाराला आत नेलं, दोनच्या आत बाहेर आणलं. डॉक्टर म्हणल्या, चांगलं झालं, रक्त निघालं, आता शुद्धीवर आले की बघू. तीन वाजले. साडेतीन वाजले. इंद्रजित आला. चार वाजले, तरी तात्या डोळा उघडंनात. डॉक्टर घाबरवत नव्हत्या, पण दर दहा मिनटांनी येऊन बघत होत्या, आन आमाला तेवढ्यानं कळत होतं. नर्स कानाशी ओरडत होती, "काका! ओ काका! डोळे उघडा!" इंद्रजितनं बापाला "आण्णा, आण्णा" करून बघितलं. काय न्हाय.

मग डॉक्टरीणबाईंनी वहिनींना बोलावलं. "मावशी, ओळखीच्या आवाजाला लवकर प्रतिसाद येतो कधीकधी. तुम्ही हाक मारा."

एकालाच आत सोडत होते. मी दाराच्या फटीत उभी. वहिनी पलंगापाशी गेल्या आन म्हणल्या, "अवो."

काय न्हाय.

"अवो, ऐकलं का?"

मी फटीतनं म्हणलं, वहिनी, कशाला वाफ दवडताय? तेहतीस वर्सांत ह्या माणसानं 'अवो'ला कधी 'ओ' दिलीय? तुमीच तर सांगता, बॉयलरनं ह्यांचे कान गेले न्हाईत, फक्त 'अवो'पुरते गेलेत. मला नर्सनं गप केलं.

डॉक्टर म्हणल्या, "नावानं हाक मारा. आपल्या नावाला माणूस पहिल्यांदा जागा होतो."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. मी एकदा बोलले होते, तेवढं बास. कानाला खडा लावला होता मी.

त्या पलंगाच्या दांडीला धरून वाकल्या. चष्मा काढला. आन मग तो आवाज आला, सोमवारचा न्हाय, पहिला, नदीच्या पाण्याची बातमी वाचलेला. वरडल्या न्हाईत. रडल्या बी न्हाईत. अंगणवाडीत तीस लेकरं गोंधळ घालत असताना ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात, बारीक आन स्वच्छ.

"सावळाराम."

आन थांबल्या. किती थांबावं हे त्या बाईला पहिल्यापासनं कळतं.

ट्रॉली ढकलणारी नर्स जागेवर उभी राहिली. त्या गुऱ्हाळाच्या गोष्टीत काय सांगितलंय? नाव घेऊन हाक मारली की तो येतो. मी डोळे मिटले आन म्हणलं, येऊ दे. ये बाबा.

"सावळाराम," वहिनी परत म्हणल्या. "घरी जायचंय. उठ."

तात्यांच्या पापण्या हलल्या. मग एक डोळा उघडला, मग दुसरा. त्यांनी वहिनींकडं बघितलं, मग नर्सकडं, मग डॉक्टरकडं. ओठ सुकलेले, शब्द जड निघत होता, पण नीट निघत होता.

"हळू की," तात्या म्हणले. "लोक हायत."

डॉक्टरीणबाई हसल्या. इंद्रजित भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. वहिनींनी पदर तोंडाला लावला, आन मी तितंच दवाखान्याच्या वरांड्यात बसून मोकळी रडले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी बी आमच्या ह्यांना नावानं हाक मारून बघितली. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणले, "काय गं, बरं न्हाय का तुला?" ते असो.

तात्या आठ दिवसांनी घरी आले. डोक्याला कानटोपी, तब्येत झकास, फक्त बजावलं होतं, महिनाभर एकटं सोडायचं न्हाय. वहिनींनी सोनम मॅडमना फोन केला, सोमवारचं वाचलेलं फेकून द्या, मी सातवं प्रकरण परत वाचते. नावासकट. मॅडम म्हणल्या, काकू, काका बरे होऊ देत, पुस्तक थांबेल, दिवाळी होऊ द्या. मी मात्र आधी वहिनींपुढं कबूल केलं, की तवा माझा पाय थांबला नव्हता, मी खोटं पास केलं. त्या म्हणल्या, "मला ठाऊक हाय. तू 'पास' म्हणलीस तवा मागं मशीन चालू होतं."

मी इचारलं, "आता भ्या न्हाय वाटत? 'मेला' जोडलेलं हाय अजून."

"त्या नावानं माणूस उठलाय माझा," वहिनी म्हणल्या. "आता नावाला काय भ्यायचं?"

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सातवं प्रकरण माझ्या फोनवर आलं. वहिनींनी सोबत काय सांगितलं न्हाय, नुसतं, ऐक आन पाय बघ. मी शटर अर्धं ओढलं, हिरवा खण मशीनला लावला आन गोष्ट चालू केली.

पहिलीच हाक. "सावळाराम." पाय थांबला. परत चालू केला, परत हाक, परत थांबला. आता नाव पळत नव्हतं. घरच्या माणसाला जेवायला बोलवावं तसं साधं, आन त्याच्या पुढं ती मोठी थोरली गप्प जागा. ज्याला बोलवायचं त्याच्यावर जीव असल्याबगर अशी हाक येत न्हाय, आन अशा हाकंला मेलेला माणूस आला तर नवल ते काय? त्या सोमवारी ह्याच शब्दानं काय बी झालं नव्हतं. मी मशीनचा नादच सोडला आन हात मांडीवर ठेवून बसले. सातवी. आठवी. कायलीत रस उकळतोय, मालकीण एकटी, बाकीची माणसं जेवायला गेलेली.

"तिनं शेवटची हाक मारली. सावळाराम."

गप्प.

आन मग लांबनं, पोत्याच्या आतनं यावा असा, बारीक, जड आवाज आला.

"ओ."

कात्री माझ्या हातनं पायावर पडली! मी स्टूल पाडून उभी राहिले आन अर्ध्या शटरखालनं वाकून भर बाजारात आले. भर दुपारी! समोरचा फारुक बांगडीवाला म्हणला, आपा, काय झालं? मी म्हणलं, काय न्हाय, साप. काय सांगणार? तशीच वहिनींना फोन लावला.

पलीकडनं वहिनी हसतायत. हसू थांबंना त्यांचं, त्या बाईला असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"अगं, एकटं सोडायचं न्हाय म्हणून ह्यांना आत पोत्यांवर बसवलं होतं. शपथ घातली होती, तोंड उघडायचं न्हाय. उबंला डोळा लागला ह्यांचा. आन मी नवव्यांदा नाव घेतलं तर..." परत हसू. "तेहतीस वर्सं, शबीना! 'अवो, अवो' करून घसा सुकला माझा, एकदा 'ओ' दिली न्हाय. आन आता बघ, झोपंत देतोय माणूस!"

मी बी हसायला लागले. हसता-हसता दोघी कधी रडायला लागलो कळलं न्हाय. मागनं तात्यांचा खराखुरा, बॉयलरवरचा आवाज, "कोण गं? शबीना हाय का? तिला म्हणावं, माझी कानटोपी सैल झालीय, टाका घालून दे."

वहिनी ते परत वाचायला तयार होत्या, पण मी ते जसंच्या तसं सोनम मॅडमना पाठवायला लावलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. आधी लेखकानं ऐकलं होतं, मग कंपनीतल्या सगळ्यांनी. त्या 'ओ'ला हात लावायचा न्हाय असं ठरलं.

आता पुस्तक निघालंय. खाली लोकांनी काय-काय लिहिलंय. एकानं लिहिलंय, सातव्या प्रकरणानंतर मी दिवा लावून झोपलो. एकीनं इचारलंय, तो मेलेल्या माणसाचा आवाज कुणाचा हाय, असा आवाज काढला तरी कसा? मी उत्तर लिहायला घेतलं होतं, आवो, मेलेला कसला, आमच्या वरकुट्याचे तात्या हायत ते, ठणठणीत हायत, काल सायकलवर गिरणीला गेले म्हणून बायकोच्या शिव्या खाल्ल्या. मग पुसून टाकलं. भिऊ द्या त्यांना, त्यासाठीच तर ऐकतात. मी मात्र तेवढा भाग रोज एकदा लावते. वहिनी हाक मारतात, मी पाय थांबवून बसते, आन ओ येते.